गोत, पांढरी आणि शीव : मराठेकालीन ग्रामसभेचा भूमिविषयक व्यवहार व त्याची परिभाषा

१

मराठेकालीन कागदपत्रांचे कोणतेही मोठे दप्तर उघडले, तर त्यात एका विशिष्ट घाटाचा कागद हटकून आढळतो. आरंभी शक, संवत्सर, मास आणि तिथी. पुष्कळदा त्यांच्या जोडीस सुहूर सन. त्यानंतर 'हाजीर मजालस' ही शब्दावली. तिच्याखाली उपस्थितांच्या नावांची याद. मग अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरिरी. आणि सर्वांच्या शेवटी निवाडा. या कागदास महजर म्हणतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले साधनांचे खंड आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रकाशने यांमुळे असे महजर अभ्यासकांना फार मोठ्या संख्येने उपलब्ध झाले. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात आणि अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकालीन महाराष्ट्रावरील १९६९ च्या ग्रंथात या साधनांचा पद्धतशीर उपयोग केला.

तथापि या कागदांकडे पाहण्याची रूढ दृष्टी निवाड्याकडे लागलेली असते. वतन कोणाचे ठरले, शेत कोणाकडे गेले, हे पाहून अभ्यासक पुढे जातो. नावांची याद त्याला केवळ प्रास्ताविक वाटते. वस्तुतः ही यादच महजराचा गाभा आहे. ज्या सभेने निवाडा दिला तिचेच सभासद त्या निवाड्याचे साक्षीदारही होते. निर्णय देणारा आणि साक्ष देणारा यांचे हे ऐक्य म्हणजे मराठेकालीन ग्रामसभेच्या भूमिविषयक व्यवहाराचे मुख्य लक्षण होय. तिचे बळ त्यातून आले आणि तिचे दोषही त्यातूनच आले. पुढे राज्यव्यवस्थेने या दोन भूमिका वेगळ्या केल्या. शब्द मात्र मागे राहिले आणि त्यांचे अर्थ सरकले. प्रस्तुत लेखात या परिभाषेच्या आधाराने ग्रामसभेचे कार्य, तिच्या मर्यादा आणि तिचे रूपांतर यांचा विचार केला आहे.

२

प्रथम 'गोत' हा शब्द पाहू. त्याचे मूळ संस्कृत 'गोत्र' हे उघड आहे. परंतु मराठी कागदांत त्याची व्याप्ती रक्तसंबंधापुरती राहिलेली नाही. गोतसभेत बसणारे गोत म्हणजे भाऊबंद नव्हेत. मोकदम, कुळकर्णी, चौगुला, शेटे, महाजन, मिरासदार कुणबी, बलुतेदार अशी भिन्न जातींची आणि भिन्न व्यवसायांची ही माणसे असत. एकाच गावच्या मातीशी वंशपरंपरेने जोडलेले असणे हेच त्यांचे नाते. गावापुरता तंटा असेल तर गावचे गोत, दोन गावांचा असेल तर आसपासच्या गावांचे मोकदम आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे, अशी या सभेची व्याप्ती तंट्याच्या विषयाबरोबर वाढे. सरकारी अधिकारी उपस्थित असत. पण गोताविना केवळ अधिकाऱ्याने दिलेला निर्णय वतनाच्या बाबतीत पुरेसा मानला जात नसे.

आता 'महजर' या शब्दाकडे वळू. त्याचा अरबी धातू 'उपस्थित असणे' या अर्थाचा आहे. 'हाजीर', 'हजेरी' आणि 'हुजूर' हे शब्द त्याच धातूपासून आले. 'मजालस' या शब्दाच्या मुळाशी 'बसणे' हा अर्थ आहे. तेव्हा 'हाजीर मजालस' याचा शब्दशः अर्थ 'जे समक्ष बसले होते ते' एवढाच होतो आणि 'महजर' म्हणजे त्यांच्या समक्षतेचा कागद. निवाडा हा त्या समक्षतेत घडलेला व्यवहार आहे. कागदाला नाव मात्र निवाड्यावरून न पडता उपस्थितीवरून पडले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या उपस्थितीची खूण कागदावर उमटलेली असे. लिहिता न येणारा सभासद आपल्या व्यवसायाची निशाणी करी. पाटील-कुणब्याचा नांगर, शेट्याचा तराजू, लोहाराचा हातोडा, चांभाराची रापी, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या महजरांच्या शेवटी ओळीने दिसतात. ही निशाणी म्हणजे निरक्षराची केवळ सोय नव्हती. तिच्यामुळे सही करणाऱ्याचे गावातील स्थान आणि त्याचे काम कागदावर नोंदले जाई. वीस-तीस वर्षांनी तोच तंटा पुन्हा उपस्थित झाला, तर 'अमक्या मजालसीस अमका हाजीर होता' असे म्हणून त्याच्या मुलाला विचारता येई.

परिभाषेचे आणखी एक वैशिष्ट्य येथेच नोंदवले पाहिजे. महजरातील शब्दांची वर्गवारी केली तर दोन थर दिसतात. कागदाची आणि कार्यपद्धतीची नावे बहुधा अरबी-फारसी आहेत : महजर, मजालस, तकरीर, पुरसीस, राजीनामा, जामीन, कतबा. ज्या वस्तूविषयी तंटा चाले तिची आणि तंटा मिटवणाऱ्या समूहाची नावे मात्र बहुधा देशी आहेत : गोत, पांढरी, काळी, शीव, थळ, निवाडा, दिव्य. यास अपवाद आहेत. 'वतन' आणि 'मिरास' हे दोन महत्त्वाचे शब्द अरबी आहेत, तर 'अग्रवादी' व 'पश्चिमवादी' हे कार्यपद्धतीचे शब्द संस्कृत आहेत. तरीही एकंदर विभागणी अर्थपूर्ण आहे. बहमनी आणि तिच्यानंतरच्या सलतनतींच्या काळात राज्याने गावच्या सभेला कागदाचा साचा दिला. सभा आणि तिचा विषय हे दोन्ही त्या साच्याच्या आधीचे होते, असा निष्कर्ष या थरांवरून काढता येतो. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाच्या द्वारे दरबारी परिभाषेचे संस्कृतीकरण करण्याचा प्रयत्न झाला. पण गावच्या कागदावर 'महजर' हा शब्द पुढेही टिकून राहिला. त्याअर्थी तोपर्यंत तो परका वाटेनासा झाला होता.

३

गोत हे सभेचे नाव, तर 'पांढरी' हे गावच्या समुदायाचे नाव. दख्खनच्या पठारावर शेतीच्या जमिनीस 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जागेस 'पांढरी'. शतकानुशतके मातीच्या भिंती उभ्या राहाव्यात, पडाव्यात, चुलींची राख साचावी, यामुळे जुन्या वस्तीची माती पांढुरकी होते. पुरातत्त्वज्ञ ज्यांना पांढरीची टेकाडे म्हणतात ती अशाच ओसाड वस्त्यांची स्थाने होत. मातीच्या रंगावरून जागेचे नाव पडले आणि जागेवरून तेथे राहणाऱ्यांचे. 'समस्त पांढरी मौजे मजकूर' असे जेव्हा महजरात लिहिलेले असते तेव्हा माती आणि माणसे यांत भेद केलेला नसतो. समुदायाचे नावच जमिनीच्या वापरावरून पडावे, ही गोष्ट त्या समुदायाच्या कार्यक्षेत्राविषयी पुष्कळ काही सांगते.

या पांढरीच्या हाती कोणते अधिकार होते? त्यांतील सर्वांत ठळक अधिकार गतकुळ जमिनीविषयीचा. ज्या कुळाचा वंश खुंटला किंवा जे कुळ परागंदा होऊन परतलेच नाही, त्याच्या जमिनीस 'गतकुळ' म्हणत. १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, त्यानंतरची दीर्घ युद्धे आणि स्वाऱ्या यांमुळे सतराव्या शतकात अशा जमिनी गावोगाव पडल्या. त्या कोणास द्यायच्या, हे पाटील आणि समस्त पांढरी मिळून ठरवीत व घेणाऱ्यास मिरासपत्र करून देत. त्यातून आलेल्या रकमेने सरकारदेणे किंवा गावावर आलेली एखादी आपत्ती निभावून नेल्याचे उल्लेख अशा पत्रांत येतात.

पांढरीस हा अधिकार का असावा, याचे कारण महसुलाच्या पद्धतीत आहे. सरकारची आकारणी गावावर एकत्र होई. एक शेत पडीक राहिले तर त्याचा बोजा इतरांच्या शेतांवर पडे. तेव्हा शेजाऱ्याचे शेत कोण कसतो आणि कसे कसतो हा प्रत्येक मिरासदाराच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. 'मिरास' आणि 'वारस' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे आहेत. मिरासदाराचा हक्क वारशाने चाले आणि तो पुष्कळ वर्षे परागंदा राहून परत आला तरी हक्क सांगू शके. याउलट 'उपरी' म्हणजे वरून आलेला. त्यास पडीक जमीन कौलाने आणि इस्ताव्याने, म्हणजे दरसाल चढत जाणाऱ्या आकाराने, लावून देत. उपऱ्यास मिरास करून देणे म्हणजे त्यास गोतात घेणे. म्हणून मिरासपत्रावर केवळ विकणाऱ्याची सही पुरेशी होत नसे. गोताची साक्ष लागे. खरेदीखत आणि समुदायप्रवेशाचा दाखला अशी दोन्ही कार्ये तो एकच कागद करी.

दुसरा अधिकार गावच्या वतीने जमीन इनाम देण्याचा. सरकारने दिलेले इनाम ते 'दिवाणनिसबत' आणि गावाने दिलेले ते 'गावनिसबत', असा भेद कागदांतून स्पष्टपणे केलेला आहे. देवस्थानाच्या दिवाबत्तीसाठी, सुतार-लोहारासारखा कारागीर गावात टिकावा यासाठी पांढरी आपल्या हिश्शातून जमीन तोडून देई. त्या जमिनीचा महसूल उरलेल्या मिरासदारांना वाटून घ्यावा लागे. अशा इनामाच्या मागे संमती असावीच लागे, कारण तिच्यावाचून वाटणी चालली नसती. गायरान, पाणवठे, वाटा आणि गावठाणातील मोकळ्या जागा यांविषयीचा व्यवहारही याच संमतीवर चाले. मात्र त्याविषयीचे कागद फार थोडे झाले. जोवर तंटा नव्हता तोवर लिहिण्याचे कारण नव्हते.

४

समुदायाच्या स्मृतीची खरी कसोटी शिवेच्या तंट्यात लागे. 'शीव' हा शब्द संस्कृत 'सीमा' यापासून मराठीच्या ध्वनिनियमांनुसार सिद्ध झाला आहे. ग्राम-गाव, नाम-नाव या जोड्यांत स्वरमध्यस्थ 'म'चा जसा 'व' झाला तसाच तो येथेही झाला आणि इकारापूर्वीचा दंत्य 'स' तालव्य झाला. शब्दाचा हा प्रवास अखंड बोलीतून झालेला आहे. राज्यकर्त्यांच्या भाषा बदलल्या तरी शिवेला नवे नाव मिळाले नाही, यावरून ती कोणाच्या जिभेवर आणि कोणाच्या ताब्यात होती हे कळते.

दोन गावांमधील शिवेचा वाद उपस्थित झाला म्हणजे प्रथम 'थळ' ठरे. थळ म्हणजे निवाड्याची जागा आणि तेथे जमणारे गोत, दोन्हीही. दोन्ही पक्ष त्या थळास राजी असल्याचे लिहून देत. त्या कागदाचे नाव 'राजीनामा'. या थळी जो निवाडा होईल तो मान्य करू, अशी ती कबुली असे. निवाड्याप्रमाणे वागण्याविषयी जामीन घेतला जाई. मग तकरिरी. 'तकरीर' या शब्दाच्या मुळाशी स्थिर करणे, पक्के करणे हा अर्थ असून 'करार' आणि 'मुक्रर' हे त्याच धातूचे शब्द होत. पक्षकाराने आपले म्हणणे एकदा लिहून दिले की ते पक्के झाले. पुढे त्यात फिरवाफिरव चालत नसे.

तकरिरींनंतर जुने कागद पाहिले जात. कागद अपुरे पडले, आणि शिवेच्या बाबतीत ते बहुधा अपुरे पडत, तर माणसांना विचारले जाई. कोणता ओढा, कोणते झाड, कोणता धोंडा ही शिवेची खूण, हे आसपासच्या गावचे वृद्ध सांगत. त्यातही महाराची साक्ष विशेष महत्त्वाची असे. गावची राखण करणे, वाटाड्या होणे, शिवेवर लक्ष ठेवणे ही त्याची वतनी कामे असल्यामुळे शिवेचे ज्ञान त्याच्याइतके दुसऱ्यास नसे. साक्षींनीही उलगडा झाला नाही, तर शेवटचा उपाय शपथेचा आणि दिव्याचा. शपथ घेऊन, डोक्यावर माती घेऊन एखाद्याने शीव चालून दाखवावी आणि तो ज्या वाटेने चालला ती शीव मानावी. ठरावीक दिवसांत त्याच्यावर अरिष्ट आले तर तो खोटा ठरावा. वतनाच्या मोठ्या तंट्यांत रवादिव्य होई. उकळत्या तेल-तुपातून धातूचा रवा काढावयाचा, हात पिशवीत बांधून मोहोर करावयाची आणि ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष तो पाहावयाचा.

आधुनिक वाचकास दिव्य ही अंधश्रद्धा वाटेल आणि ज्ञानाचे साधन म्हणून ते समर्थनीय नाहीच. परंतु सभेच्या कार्यपद्धतीत त्याचे स्थान काय होते, हे वेगळे पाहिले पाहिजे. शेजाऱ्यांना शेजाऱ्यांविरुद्ध निर्णय द्यावयाचा असे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासहच राहावयाचे असे. जेथे गोताची स्मृती दुभंगलेली असे तेथे निर्णयाची जबाबदारी देवावर सोपवून गोत स्वतः दुभंगण्यापासून वाचे. निवाडा झाल्यावर हरलेल्याकडून यजितखत, म्हणजे आपण खोटे झाल्याची लेखी कबुली, घेतली जाई. जिंकलेला सरकारास हरकी देई आणि हरलेला गुन्हेगारी. निर्णय पराभूताच्या हातून वदवून घेण्याचा हा आग्रह पुन्हा त्याच तत्त्वाकडे बोट दाखवतो. ज्याला निर्णयाबरोबर राहावयाचे आहे त्याने त्याचा साक्षी झालेच पाहिजे, हे ते तत्त्व होय.

५

या व्यवस्थेचे चित्र येथवर थांबवले तर ते एकांगी होईल. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स मेटकाफच्या १८३० च्या टिपणीपासून हिंदुस्थानातील खेडी म्हणजे जणू लहान लहान प्रजासत्ताके, ही कल्पना रूढ झाली आणि पुढे राष्ट्रीय भावनेने ती उचलून धरली. महजर मात्र या कल्पनेस सर्वस्वी पुष्टी देत नाहीत.

पहिला दोष पक्षपाताचा. निर्णय देणारा गावचाच असल्यामुळे तो पूर्णपणे तटस्थ असणे अशक्य होते. हे त्या काळच्या लोकांनाही कळत होते. आपल्या परगण्यात न्याय मिळणार नाही, सबब दुसरे थळ द्यावे, अशी मागणी करण्याची मुभा होती आणि ती मागणी वारंवार केली जाई. एकदा झालेला निवाडा नव्या कारकिर्दीत पुन्हा उकरून काढल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. बलवान देशमुख किंवा पाटील गोतास दडपून टाकी, तेव्हा दुर्बळ पक्षास हुजुरास जाण्यावाचून गत्यंतर नसे. गोतसभा आणि राजसत्ता एकमेकींपासून स्वतंत्र नव्हत्या. एकीच्या उणिवा भरून काढण्यास दुसरीची गरज पडे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. 'समस्त' या शब्दाचा मूळ अर्थ 'एकत्र आणलेले'. समस्त पांढरीत कोण एकत्र आणले जात असे? उपरी नाही, कारण तो वतनदार नव्हता. स्त्रिया वतनाच्या तंट्यांत पक्षकार म्हणून काही कागदांत दिसतात. हाजीर मजालसीच्या यादीत मात्र जवळजवळ सारी नावे पुरुषांची आहेत. महाराचे नाव यादीत येते; पण ते शेवटच्या नावांमध्ये. शिवेचा निर्णय ज्याच्या साक्षीवर उभा, त्याचे स्थान नावांच्या क्रमात तळाशी, आणि त्याचे घर त्याच पांढरीच्या बाहेर महारवाड्यात. हाडकी-हाडोळ्याच्या वतनी जमिनीच्या मोबदल्यात त्याला गावची आणि सरकारची जी कामे करावी लागत त्यांना वेळेची आणि कष्टांची मर्यादा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले ते याच कारणासाठी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाची कल्पना त्यांनी नाकारली, तिच्यामागेही या वतनी व्यवस्थेचा प्रत्यक्ष अनुभव होता. साक्षीदार आणि निर्णायक एकच असण्याचे तत्त्व महाराच्या बाबतीत अर्धेच लागू होते. त्याची साक्ष घेतली जाई, निर्णयातील वाटा मात्र त्यास नावापुरताच मिळे. महजरांतील नावांचा क्रम हा या विषमतेचा लेखी पुरावा आहे आणि म्हणूनच ती याद केवळ प्रास्ताविक म्हणून ओलांडून जाणे योग्य नाही.

६

या सभेच्या ऱ्हासाचा आरंभ इंग्रजी अमलाशी जोडण्याची पद्धत आहे. पण शहरी वस्तीत तो त्यापूर्वीच झालेला दिसतो. पेठ वसवताना शेटे-महाजनांना कौल देऊन त्यांच्याकरवी जागा लावून देण्याची रीत होती. पुण्याचा विस्तार झाल्यावर १७६४ मध्ये तेथे कोतवाली स्थापन झाली आणि घरांचे व जागांचे व्यवहार, वस्तीतील तंटे व बंदोबस्त हे विषय पगारी अधिकाऱ्याच्या कक्षेत गेले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारे गोत नव्या पेठांत नव्हतेच. जेथे शेजाऱ्याची स्मृती अपुरी तेथे चावडीची नोंद आवश्यक ठरली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे महत्त्व मान्य केले आणि तिची दिरंगाई, पंचांना हजर करण्याचा अभाव इत्यादी दोषही नोंदवले. पंचायत चालू ठेवावी असा त्याचा मानस होता. परंतु १८२७ च्या नियमसंग्रहाने न्यायदानाचे मुख्य काम न्यायालयांकडे गेले आणि पंचायत ही पक्षकारांच्या इच्छेवर अवलंबून असलेली लवादी उरली. ज्या सभेचा निर्णय कचेरीत सहज बदलून मिळतो तिच्यापुढे हरण्यास कोणी राजी होत नाही. त्यामुळे तिचे महत्त्व उत्तरोत्तर ओसरत गेले.

याहूनही निर्णायक बदल जमीनमोजणीने घडवला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास सुरू केलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने स्थिर झालेली पद्धत अशी की, प्रत्येक शेतास क्रमांक द्यावा, त्याच्या हद्दीवर निशाण्या उभाराव्यात, आकारणी शेतावर करावी आणि ती भरणाऱ्या खातेदाराचा संबंध थेट सरकारशी असावा. आकारणी गावावर एकत्र नाही म्हटल्यावर शेजाऱ्याच्या पडीक शेताची झळ उरलेल्यांना लागेनाशी झाली. मिरासदार आणि उपरी हा भेद महसुलाच्या दृष्टीने निरर्थक ठरला. उपऱ्याच्या दृष्टीने हा लाभ होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु गतकुळ जमीन कोणास द्यावी हे ठरवण्याचे पांढरीचे कामच संपले. शीव कोठे आहे हे आता वृद्धास किंवा महारास विचारण्याचे कारण राहिले नाही. ते नकाशास विचारता येऊ लागले.

या स्थित्यंतराची नोंद भाषेने किती काटेकोरपणे केली आहे, हे 'राजीनामा' या एका शब्दावरून दिसते. गोतसभेत राजीनामा म्हणजे शेजाऱ्यांचा निवाडा मान्य असल्याची कबुली. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात राजीनामा म्हणजे खातेदाराने आपली जमीन सोडत असल्याचे सरकारास दिलेले पत्र. ती घेणाऱ्याने द्यावयाची ती कबुलायत. आजच्या मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र. 'राजी असणे' हा मूळ अर्थ तिन्ही ठिकाणी शाबूत आहे. बदलले ते राजी होण्याचे स्थान आणि त्याचा विषय. पहिल्या अर्थात माणूस समुदायाच्या निर्णयात सामील होतो, तर पुढच्या दोन्ही अर्थांत तो एखाद्या संबंधातून बाहेर पडतो.

'पंच' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. मराठेकालीन पंच निवाडा करीत. आज 'पंचनामा' हा शब्द उच्चारला की पोलीस किंवा महसूल अधिकाऱ्याने केलेली घटनास्थळाची नोंद डोळ्यांपुढे येते आणि पंच म्हणजे तिच्यावर सही करणारे साक्षीदार. झडतीच्या वेळी परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, ही फौजदारी कार्यपद्धतीतील अट म्हणजे 'हाजीर मजालस' या कल्पनेचा उरलेला अंश म्हणता येईल. त्या दोन रहिवाशांकडे उपस्थिती तेवढी राहिली. निर्णय राहिला नाही. गोताच्या ठायी एकवटलेल्या दोन भूमिकांची फाळणी या शब्दात पूर्ण झालेली आहे. क्रीडांगणावरील पंच तेवढा अद्याप निर्णय देतो.

७

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यघटनेच्या चाळिसाव्या कलमाने ग्रामपंचायतींच्या संघटनेचे तत्त्व स्वीकारले. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, ग्रामसभेस घटनात्मक स्थान दिले आणि पंचायतींत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखल्या. या ग्रामसभेत मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती बसू शकते. तेथे वतन लागत नाही आणि मिरासही लागत नाही. महजरातील 'समस्त' या शब्दात जे वगळले गेले होते ते कायद्याने प्रथमच आत घेतले. पाटीलकीचे आणि महारकीचे वतन कायद्याने रद्द झाल्याशिवाय हे शक्य झाले नसते. म्हणून आजची ग्रामसभा ही गोतसभेचे पुनरुज्जीवन आहे, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

तथापि एक धागा तुटलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील मोजणी मुख्यतः काळीची झाली. लहान गावांत पांढरी, म्हणजे गावठाण, एक अखंड तुकडा म्हणून तशीच सोडली गेली. घराघराच्या जागेचा स्वतंत्र अभिलेख तिथे नव्हता. कोणाचा उकिरडा कोठवर, कोणाची पडवी कोणाच्या वाटेवर आली, हे त्यानंतरही शेजाऱ्यांच्या सांगण्यावरच ठरत राहिले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना आरंभिली आणि ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांच्या मोजणीस देशव्यापी रूप आले. काळीस क्रमांक मिळाल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी पांढरीस नकाशा मिळू लागला. या मोजणीत हद्द दाखवण्यासाठी घरमालकास आणि त्याच्या शेजाऱ्यांस प्रत्यक्ष जागेवर उभे राहावे लागते. हरकत असेल तर ती तेथे सांगावी लागते.

यातून मिळकतीची जी पत्रिका तयार होते तिच्यावर मालकाचे नाव आणि क्षेत्रफळ असते. हद्द दाखवताना कोण कोण हजर होते, कोणी हरकत घेतली आणि ती कशी मिटली, हे सांगणारी याद तिच्यावर नसते. मराठेकालीन लेखकाने आपल्या कागदाचा आरंभच त्या यादीने केला असता. महजरांचे संपादन करताना उपस्थितांची नावे गाळून केवळ निवाड्याचा सारांश छापण्याची जी सवय काही संग्रहांत दिसते ती या कारणास्तव सोडली पाहिजे. नावांचा क्रम, निशाण्या आणि अनुपस्थिती यांसह त्या यादी सबंध छापल्या व परगणावार ताडून पाहिल्या, तर समस्त पांढरी म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात आणि प्रत्येक प्रदेशात किती वेगळे होते हे निश्चित करता येईल.